लुगर पी०८ च्या बदल्यात रायफल: सौदा बरोबरीचा कसा ठरवायचा?

बोल्टवाला:
माझी टिक्का टी३एक्स रायफल (.३०८, दुर्बिणीसकट) देऊन त्या बदल्यात लुगर पी०८ हे जुनं जर्मन पिस्तूल घ्यायचा प्रस्ताव आहे. वर रोख काही नाही. पिस्तुलाचा तपशील असा: टॉगलवर (वरच्या दुमडणाऱ्या सांध्यावर) डीडब्ल्यूएम या कारखान्याची गुंफलेली अक्षरं, चेंबरवर (काडतूस बसतं त्या भागावर) १९१६, नळी १०० मिमी, ९ मिमी. रंग सगळीकडे सारखा, काळाभोर आणि चकचकीत. मॅगझिनचा तळ अ‍ॅल्युमिनियमचा. सोबत चामडी होल्स्टर आणि "आजोबांनी युद्धावरून आणलं" ही कथा. मालकाचं म्हणणं, सगळे नंबर जुळतात. आणि जाहिरातींत असल्या पिस्तुलांचे भाव माझ्या रायफलीच्या जवळजवळ दुप्पट दिसतात. दोघांचे परवाने आणि हस्तांतरणाची कागदपत्रं तयार आहेत. हातात घेतल्यावर नेमकं काय बघू?

खटका:
"सगळीकडे सारखा, चकचकीत" हे वाचूनच शंका आली. १९१६ च्या डीडब्ल्यूएमवर गंज चढवून केलेलं ब्ल्यूइंग, म्हणजे पोलादावरचा गडद रंग, असायचं. ते खोल निळसर-काळं असतं, आणि इतकी वर्षं वापरलेल्या पिस्तुलावर ते नळीच्या तोंडापाशी, साइडप्लेटच्या (चापावरच्या डाव्या झाकणाच्या) कडांवर, मुठीच्या पुढच्या पट्टीवर उडालेलं असणारच. होल्स्टर घासतं तिथेच उडतं.

मॅगझिन काढा, टॉगल वर ओढून चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा. मग नळी सेंटिमीटरभर मागे दाबून धरा, चापाच्या वरचा खोलणीचा खटका खाली फिरवा, साइडप्लेट उचला आणि वरचा भाग पुढे सरकवून काढा. अवजार लागत नाही. आता फ्रेमच्या, म्हणजे मुठीसकट खालच्या सांगाड्याच्या आत बघा. मूळ कामात आतला पोलाद पांढरा, म्हणजे रंगाविना ठेवलेला असतो. आतही काळं असेल तर अख्खी फ्रेम नंतर कधीतरी गरम क्षारांच्या टाकीत बुडवलेली आहे.

दुसरी खूण पिवळ्या भागांची. चाप, सुरक्षेचा खटका, खोलणीचा खटका, इजेक्टर (रिकामी पुंगळी बाहेर फेकणारा भाग) आणि मॅगझिन सोडायचं बटण हे त्या काळी तापवून गवताच्या रंगाचे केलेले असत. तेही काळे दिसले तर प्रश्न मिटला. पिवळे दिसले म्हणून मात्र लगेच खूश होऊ नका, हा रंग नव्याने आणणं अवघड नाही. मूळ पिवळा झिजून फिका, ठिपक्याठिपक्यांचा झालेला असतो.

तिसरी खूण नखाने तपासायची. ठसा मारला की कडेचं धातू किंचित वर उचललं जातं. पॉलिश करून पुन्हा रंगवलेल्या पिस्तुलावर ही कड गुळगुळीत झालेली असते आणि अक्षरं उथळ, कडेला पसरलेली दिसतात. गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशीही रंग असेल तर आधी खड्डा पडला, मग रंग चढला.

नोंदवही:
नंबरांबद्दल. "बाहेरून जुळतात" याला फारसा अर्थ नाही. पूर्ण नंबर तीन ठिकाणी हवा: फ्रेमच्या पुढच्या बाजूला, रिसीव्हरच्या (नळी बसते त्या वरच्या भागाच्या) डाव्या अंगाला आणि नळीच्या खालच्या बाजूला. फ्रेमवर त्याखाली एक छोटं अक्षर असू शकतं, ते उतरवून घ्या. नंबर तेच आणि अक्षर वेगळं म्हणजे पिस्तूल वेगळं. शेवटचे दोन आकडे साइडप्लेट, चाप, खोलणीचा खटका, सुरक्षेचा खटका, टॉगलचे दोन्ही दुवे, ब्रीचब्लॉक (काडतुसामागचा ठोकळा), एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढणारा आकडा), फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी सुई), सिअर (ती सुई अडवून धरणारी पट्टी) यांवर शोधा. भिंग घ्या आणि प्रत्येक आकड्याचा आकार आणि खोली शेजारच्याशी ताडून बघा. जुना नंबर घासून नवा ठोकला असेल तिथे पृष्ठभाग खोलगट असतो. मुठीच्या लाकडी पाट्या काढून आतही बघा.

चेंबरवर १९१६ च्या वर १९२० हा दुसरा आकडा असता तर तो दोष नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन सैन्याने ठेवून घेतलेल्या पिस्तुलांवर तसा शिक्का आहे. सरकारी कारखान्यात दुरुस्त होऊन नव्याने नंबर मिळालेले नगही आहेत. त्यांचा संग्राहक वेगळा, भाव वेगळा. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याने पकडलेल्यांत मात्र भाग सरमिसळ झालेले आणि रंग पुन्हा चढवलेला असतो, रिसीव्हरवर बहुधा X ठोकलेला. नळीखाली आयातदाराचा बारीक ठसा आहे का तेही बघा. अमेरिकेत १९६८ नंतर आयात झालेल्यांवर तो असतो आणि संग्राहकाला तो नको असतो.

मॅगझिन १९१६ चं नाही. त्या काळचा तळ लाकडी असतो आणि त्यावर पिस्तुलाचाच नंबर. जोडीच्या दुसऱ्या मॅगझिनवर नंबरासोबत अधिक चिन्ह. अ‍ॅल्युमिनियमचा तळ नंतरचा. मॅगझिन बदलीचं म्हणून धरा, त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका. होल्स्टरवर कारागिराचा ठसा आणि साल असेल तर ते स्वतंत्र वस्तू म्हणून मोजा, नसेल तर फक्त चामडं. आणि आजोबांच्या कथेची किंमत तेव्हाच, जेव्हा त्या काळच्या कागदावर याच पिस्तुलाचा नंबर लिहिलेला असेल.

बोल्टवाला:
बघून आलो. फ्रेमच्या आत काळं आहे. चाप, खटके सगळे काळे. पूर्ण नंबर तिन्ही ठिकाणी एकच, छोट्या भागांवर १७. पण साइडप्लेटवर ४३ आणि फायरिंग पिनवर काहीच नाही. नळीत आटे (आतले पीळदार चर) ठळक, तोंडाशी किंचित काळे डाग. होल्स्टरवर ठसा नाही. कागद नाही. आता रंगाचे अर्धे, साइडप्लेटचे आणखी थोडे, मॅगझिनचे आणखी थोडे असे वजा करत जायचं का?

खटका:
नाही, इथेच सगळे चुकतात. वजावटी एकावर एक बसत नाहीत. मूळ रंग आणि पूर्ण नंबर असलेल्या नगाचा भाव हा संग्राहकाचा भाव. रंग गेला की पिस्तूल त्या वर्गातूनच बाहेर पडतं आणि 'चालवायचं लुगर' या वर्गात येतं. साधारण निम्मा भाव धरा, बऱ्याचदा त्याहूनही खाली. तिथे पोचल्यावर परकी साइडप्लेट फार काही कमी करत नाही, कारण त्या गिऱ्हाइकाला साइडप्लेटशी देणंघेणं नसतं. उलट मूळ रंगाच्या नगावर हीच साइडप्लेट जबर फटका देते. त्यामुळे आता आटे आणि टॉगलचा मेळ जास्त महत्त्वाचे. चालवायचंच झालं तर चेंबरचं अंतर (काडतूस बसल्यावर मागे उरणारी जागा) तपासून आणि स्प्रिंग नव्या घालूनच. बिननंबरी फायरिंग पिन बदलीची आहे, तिची लांबी मोजून घ्या.

तराजू:
किमतीचा हिशेब असा करा. जाहिरातीतला भाव म्हणजे मागणी, विक्री नव्हे. लिलावांत प्रत्यक्ष विकलेल्या, पुन्हा रंगवलेल्या १०० मिमी लुगरांचे गेल्या वर्षभरातले आठ-दहा आकडे काढा. सर्वांत वरचा आणि खालचा सोडा, मधला घ्या. तुमच्या टिक्काचंही तसंच. रायफल वेगळी, दुर्बीण वेगळी. वापरलेली दुर्बीण नव्याच्या किमतीजवळही विकली जात नाही.

आता दोन्ही आकडे एकाच बाजूचे हवेत. समजा लिलावाचा हातोडा १०० वर पडला, म्हणजे बोली तिथे संपली, खरेदीदाराकडून २० टक्के आणि विकणाऱ्याकडून १० टक्के घेतले. मग घेणाऱ्याला १२० पडतात, देणाऱ्याच्या हाती ९० येतात. मालक आपलं पिस्तूल १२० ने मोजतो आणि तुमची रायफल ९० ने. न भांडता चतुर्थांश गेला. दोन्हीला हातोड्याचाच आकडा लावा आणि फरक रोखीत मागा.

तुम्ही दिलेल्या तपशिलावर, जाहिरातीतला दुप्पट भाव अर्धा झाला की तो रायफलीच्या आसपास येतो, आणि विक्रीचा भाव जाहिरातीपेक्षा खाली असतोच. म्हणजे लुगर कमी भरतंय. मालकाशी रंगावर वाद घालू नका, उघडी फ्रेम समोर ठेवा आणि रोख किती ते विचारा. रोख नको म्हणाला तर दुर्बीण काढून घ्या आणि नुसत्या रायफलीवर बोला.

बोल्टवाला:
दुर्बीण काढून घेतो. व्यवहाराच्या कागदावर "पुन्हा रंगवलेलं, साइडप्लेट ४३, फायरिंग पिन बिननंबरी" असं लिहून घ्यायचं ना?

नोंदवही:
हो, आणि तिन्ही पूर्ण नंबरांचे, फ्रेमच्या आतले आणि साइडप्लेटचे फोटो त्यालाच जोडा. उद्या तुम्ही हे कुणाला दिलंत तर तोही हेच विचारणार.