टिंटेड विंडोज: ड्रमकडे कान द्या

टिंटेड विंडोज या रॉक बँडबद्दल "नावं मोठी, गाणी पोरकट" असं कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच पटलं. शब्द पोरकट आहेतच, पण पॉवर पॉपकडून (म्हणजे गिटारवरचं, चटकन ओठांवर बसणारं रॉक) आणखी काय हवंय? त्यांच्या २००९ च्या पहिल्या आणि एकुलत्या अल्बमबद्दल बोलताना सगळे हॅन्सन बँडमधून आलेला गायक टेलर आणि स्मॅशिंग पम्पकिन्स बँडचा गिटारिस्ट जेम्स ईहा यांच्यावरच थांबतात. बरीचशी गाणी मात्र फाउंटन्स ऑफ वेन बँडच्या ॲडम श्लेसिंजरची (२०२० मध्ये कोविडने गेला बिचारा). १९९६ च्या 'दॅट थिंग यू डू!' सिनेमाचं ऑस्कर नामांकन मिळालेलं शीर्षकगीतही त्याचंच.

आणि ड्रमवर चीप ट्रिक बँडचा बन ई. कार्लोस! आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या हौशी टोळीने यातलं एक गाणं बसवायला घेतलं होतं. कॉर्ड्स चुटकीसरशी जमल्या, अडलं ते ड्रमवर. आमचा गडी गणपतीत ताशा बडवणारा. ओळ संपली की हात शिवशिवतात, मिळेल त्या फटीत फिल (मधली जागा भरणारा ड्रमचा तुकडा) कोंबतो आणि कोरस चेंगरतो. कार्लोस तिथे निवांत स्नेअर ड्रम आणि हाय-हॅटच्या झांजांवर साधा ठेका धरून बसलेला असतो. ते साधेपण आम्हाला काही केल्या जमलं नाही, भिया.