एक्सपल्स २१० बद्दल थोडं माझंही

वजन वाढलं म्हणून हिरोची ही एक्सपल्स २१० बाईक ऑफरोडला, म्हणजे कच्च्या वाटांवर, कामाची नाही असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. जुन्या एक्सपल्स २०० ४व्ही पेक्षा आठ-दहा किलो जास्त आहे हे खरंय, चिखलात आडवी पडली की उचलताना जाणवतंच, पण चालवताना ते वजन जातं कुठे कळत नाही.

खरा फरक सस्पेन्शनचा आहे. जुनीला पुढे १९० आणि मागे १७० मिमी ट्रॅव्हल (चाक वर-खाली हलायला मिळणारी जागा) होता, आता २१० आणि २०५ झालाय, त्यामुळे ताम्हिणीच्या बाजूला मोठे धोंडे पडलेले असतात ना तशा वाटेवर उभं राहून थर्ड गिअरमध्ये जाताना जिथे जुनीचं मागचं चाक ठोकर खाऊन उडायचं तिथे ही दगड गिळत जाते, कंबरेला काही पोचतच नाही, हे एकदा अनुभवाच राव!

इंजिन लिक्विड कूल्ड (द्रवाने थंड होणारं), ताकद साधारण २४.५ पीएस आणि सहावा गिअर, म्हणजे कच्च्या वाटेपर्यंतचा हायवे आता शिक्षा वाटत नाही. मात्र ताकद थोड्या वरच्या आरपीएमला (इंजिनाच्या फेऱ्यांना) मिळते, निसरड्या चढावर ते पडू दिले तर क्लच खेळवावा लागतो. जुनी तिथे टुकुटुकु चढायची, ते मला अजूनही आवडतं.

घेणार असाल तर आधी पावसाळ्यासाठी टायर बदला, बाकी खर्च नंतर. आणि उंची पाच फूट चार इंचांच्या आत असेल तर ८३० मिमीच्या सीटवर बसून, एक पाय उतारावर टेकवून बघा, शोरूमच्या सपाट फरशीवर काहीच समजत नाही.