बॅरल बदला, काडतूस कशाला?

जुन्या .३०-०६ काडतुसाच्या रायफलच्या गोळ्या निशाण्यावर पसरतात, म्हणून नवी बॅरल (नळी) बसवून चेंबर (काडतूस बसण्याची जागा) .३०० विन्चेस्टर मॅग्नम या मोठ्या काडतुसाचा करावा, असा विचार काही जण मांडतात. बॅरल झिजली असेल तर जरूर बदला. पण मोठ्या काडतुसाने अचूकता वाढत नाही, हे मला ठामपणे सांगावंसं वाटतं. धक्का वाढतो, चेंबरपुढचा थ्रोट (जिथून गोळी बॅरलमध्ये शिरते तो भाग) लवकर जळतो, आणि काडतुसाचा तळ ०.४७३ ऐवजी ०.५३२ इंच असल्याने बोल्टचं (काडतूस चेंबरमध्ये बंद करणाऱ्या सरकत्या भागाचं) तोंडही बदलावं लागतं.

खरा फरक कारागिरीत आहे. चेंबर बोअरच्या (बॅरलच्या आतल्या पोकळीच्या) अक्षाशी तंतोतंत जुळलेला हवा, क्राउनवर (बॅरलच्या पुढच्या टोकाच्या कडेवर) ओरखडा नको. ट्विस्ट (बॅरलच्या आतल्या खाचांचा पीळ) गोळीच्या लांबीप्रमाणे निवडा. १८० ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक) वजनाच्या गोळीसाठी १० इंचांत एक फेरा उत्तम चालतो. हेडस्पेस (बंद बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर) मात्र तुमच्याच बोल्टवर गो आणि नो-गो गेजने (हे अंतर फार कमी किंवा फार जास्त नाही ना, हे दाखवणाऱ्या मापांनी) तपासून घ्या. त्यात चूक झाली तर काडतुसाचं कवच फुटून गरम वायू थेट चेहऱ्याकडे येतो. हे काम जाणकार गनस्मिथचंच.

आणि खर्चाआधी स्कोप माउंटचे (नेमबाजीची दुर्बीण बसवण्याच्या पट्टीचे) स्क्रू, स्टॉकचं बेडिंग (दस्त्यात रायफल किती घट्ट बसली आहे ते) आणि बोअरमध्ये गोळ्यांमुळे साचलेलं तांबं बघा. पुष्कळदा दोष तिथेच निघतो.