दिल्ली पासिंगची जुनी गाडी न पाहता ऑनलाइन घ्यावी का?

प्रश्न : कोरेगावकर

नमस्कार. वडिलांच्या उपचारांसाठी आम्हाला कोरेगावहून साताऱ्याला नियमित आणि पुण्याला अधूनमधून जावे लागते. दर वेळी भाड्याची गाडी करणे परवडत नसल्यामुळे जुनी चारचाकी घेण्याचे घरात ठरले आहे. साताऱ्यातील आणि कराडमधील डीलरांकडे पाहिलेल्या २०१७ च्या डिझेल हॅचबॅक गाड्यांचे भाव पावणेपाच लाखांच्या आसपास आहेत. त्याच कंपनीची, त्याच वर्षाची, दिल्ली पासिंगची, पहिल्याच मालकाची आणि ६२ हजार किलोमीटर चाललेली गाडी जुन्या गाड्या विकणाऱ्या एका संकेतस्थळावर ३ लाख ६० हजारांना दिसते आहे.

गाडीचे सर्व बाजूंनी काढलेले फोटो आणि त्यांच्याच माणसाने केलेल्या तपासणीचा अहवाल संकेतस्थळावर दिलेला आहे. दहा हजार रुपये टोकन भरल्यानंतर उरलेली पूर्ण रक्कम गाडी तिथून निघण्यापूर्वी द्यायची, गाडी ट्रेलरवरून पुण्याला येणार आणि पसंत न पडल्यास पाच दिवसांत परत करता येणार, अशा अटी आहेत. गाडी आमच्या नावावर करून देण्याचे काम "नंतर होईल" असे त्यांच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले. दिल्लीला जाऊन गाडी पाहणे मला शक्य नाही. अशा व्यवहारात नेमका धोका कुठे असतो आणि कोरेगावात बसून कोणकोणत्या गोष्टींची खात्री करून घेता येते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : मिरजेचा सर्व्हेअर

मी वाहन विम्याच्या दाव्यांची पाहणी करतो. सांगलीच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पाण्यात बुडालेल्या इतक्या गाड्या पाहिल्या आहेत, की फोटोतल्या चकचकीत रंगाचे मला कौतुक वाटेनासे झाले आहे. आपल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे, की गाडी डोळ्यांनी पाहता येत नसली तरी तिचे कागद कुठूनही वाचता येतात, आणि बहुतेक खरेदीदार नेमके तेच वाचत नाहीत.

सर्वांत आधी विम्याची चालू आणि मागील वर्षाची पॉलिसी मागवा. मुदत केव्हा संपते एवढेच पाहून ती बाजूला ठेवू नका. तिच्यात 'नो क्लेम बोनस' किती टक्के आहे ते पाहा. दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, पुढे २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के अशी ही सवलत चढत जाते. पहिल्याच मालकाकडे असलेल्या आणि कधीही न ठोकलेल्या २०१७ च्या गाडीच्या पॉलिसीत ती ५० टक्के असायला हवी. तिथे शून्य दिसले, तर बहुधा आदल्या वर्षी दावा झालेला असतो किंवा विम्यात मोठा खंड पडलेला असतो. सवलत २० टक्के असली तर एक वर्ष आणि २५ टक्के असली तर दोन वर्षे मागे मोजा, म्हणजे काहीतरी केव्हा घडले याचा अंदाज येतो. तपासणी अहवालात "अपघात नाही" असे लिहिलेले असताना पॉलिसी वेगळेच सांगत असेल, तर मी पॉलिसीवर विश्वास ठेवीन.

हे महत्त्वाचे का, तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विम्यातील घोषित मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपेक्षा अधिक जात असेल तेव्हा विमा कंपनी ती गाडी 'टोटल लॉस' धरते. मालकाला पैसे मिळतात आणि गाडीचा सांगाडा लिलावात विकला जातो. पुष्कळदा त्या गाडीची आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, रद्द झालेली नसते, त्यामुळे डेंटिंग-पेंटिंग होऊन तीच गाडी दूरच्या एखाद्या शहरात पुन्हा बाजारात उभी राहते. पुरातल्या गाडीचे तर याहून कठीण असते. तिचा पत्रा कुठेच चेपलेला नसल्यामुळे ती फोटोत निर्दोष दिसते, परंतु वायरिंगच्या जोडांत शिरलेला गाळ आणि ओलावा सहा महिन्यांनी, वर्षाने त्रास देऊ लागतो. आज पॉवर विंडो बंद, उद्या एअरबॅगचा दिवा पेटलेला, परवा गाडी भर रस्त्यात बंद, असा तो क्रम असतो.

म्हणून संकेतस्थळावरचे फोटो पुरेसे न मानता व्हिडिओ कॉलवर काही ठरावीक जागा दाखवायला सांगा. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून त्याचा नेहमी आत राहणारा भाग दाखवायला सांगा, कारण गाळाची रेघ धुऊनही तिथून सहसा जात नाही. सीट ज्या लोखंडी पट्ट्यांवर सरकते त्या पट्ट्या, डिक्कीतील स्टेपनीखालचा खड्डा आणि मॅट उचलून त्याखालचा पत्रा, या ठिकाणी पसरलेला गंज दिसला तर व्यवहार तिथेच थांबवावा. बॉनेट आणि दरवाजांचे बोल्ट जवळून दाखवायला सांगा. बोल्टवरचा रंग खरवडलेला असेल तर तो भाग कधीतरी काढला गेला आहे. प्रत्येक टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सांगितलेले किलोमीटर आणि टायरचे वय यांचा मेळ बसतो का, ते यावरून कळते. मीटर मागे फिरवणे आजही कठीण राहिलेले नाही, पण अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी फिरवता येत नाहीत. म्हणून प्रत्येक सर्व्हिसच्या वेळी नोंदवलेले किलोमीटर दाखवणारा इतिहास विक्रेत्याकडून लेखी मागा. २०२१ मध्ये ५८ हजार आणि आज ६२ हजार, असे आकडे दिसले तर काय समजायचे ते समजून घ्या.

राहिला त्यांचा तपासणी अहवाल. तो विकणाऱ्याने केलेला आहे, आणि त्यापुढे मला त्याबद्दल विशेष काही म्हणायचे नाही. दिल्लीत पैसे घेऊन गाडी तपासून देणारे स्वतंत्र मेकॅनिक मिळतात. साडेतीन लाखांच्या व्यवहारात त्यावर दोन-तीन हजार रुपये खर्च करणे मला गैर वाटत नाही.

प्रतिसाद : वारणाकाठ

गाडी चांगली निघाली असे धरून चालू, तरीही ती खरोखर स्वस्त आहे का, हा प्रश्न उरतोच. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये निर्बंध घातले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते उचलून धरले. पुढे त्यात काही सवलती मिळाल्या असल्या, तरी त्या भागात आठ-नऊ वर्षांच्या डिझेल गाडीला भाव येत नाही तो तेव्हापासून, आणि म्हणूनच अशा गाड्या आपल्याकडे येतात. कमी किंमत पाहून लगेच लबाडीचा संशय घ्यायला नको, पण ती बचत सगळीच आपल्या पदरात पडत नाही, एवढे नक्की.

परराज्यातील गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची असेल तर कायद्याने नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर नव्याने भरावा लागतो. दहा लाखांपर्यंतच्या नव्या डिझेल गाडीवर आपल्याकडे मूळ किमतीच्या १३ टक्के कर आहे आणि गाडीच्या वयानुसार तो कमी होत जातो. आपल्या गाडीवर तो नेमका किती बसेल, हे साताऱ्याच्या आरटीओ कार्यालयात आधीच विचारून घ्या. त्यात ट्रेलरचे भाडे, एजंटाचे पैसे आणि आपल्या नावाने होणारा विमा मिळवा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबरच जातो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे आपला हप्ता त्याच्यापेक्षा जास्त बसेल. ही बेरीज केल्यावर सुमारे एक लाख पंधरा हजारांचा फरक बराच आक्रसतो. आपल्या ठिकाणी मी असतो तर थोडे जास्त पैसे देऊन एमएच ११ किंवा एमएच ५०, म्हणजे सातारा किंवा कराड, पासिंगची गाडी घेतली असती आणि यवतेश्वरचा घाट चढवून पाहिली असती.

प्रतिसाद : विधिज्ञ, सांगली

वरील दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत, परंतु आपल्या प्रश्नातील सर्वांत गंभीर वाक्य "नंतर होईल" हे आहे आणि त्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने हस्तांतरणाची सूचना राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि राज्याबाहेर ४५ दिवसांत द्यायची असते. खरेदीदाराने ३० दिवसांत कळवायचे असते. नाव बदलले गेले नाही, तर अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदीत ज्याचे नाव आहे त्याच्यावर राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे. हा निकाल ऐकून खरेदीदाराला हायसे वाटण्याचे कारण नाही. पूर्ण पैसे देऊनही कागदावर गाडी दिल्लीतील एका अनोळखी माणसाची राहते. त्याने पुढे सही किंवा ओटीपी देण्यास टाळाटाळ केली, तो मरण पावला किंवा बँकेने कर्जासाठी हात टाकला, तर आपल्या दारातली गाडी आपल्याला ना विकता येते, ना तिच्या नुकसानीचा दावा मिळवता येतो. तृतीय पक्षाचे संरक्षण कायद्यानेच नव्या मालकाकडे येते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी पॉलिसी आपल्या नावावर झालेली असावी लागते. त्यासाठीचा अर्ज १४ दिवसांत करायचा असतो.

गाडीवरील कर्जाचा बोजा तपासणे सोपे आहे. परिवहन संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, मालकाचा क्रम, विमा, पीयूसी आणि वित्तसंस्थेचे नाव दिसते. वित्तसंस्थेचे नाव अजून तिथे असेल, तर "कर्ज फिटले आहे" या तोंडी शब्दाला किंमत नाही. बँकेचे पत्र आणि नमुना ३५ देऊन बोजा उतरवल्यावरच पुढे जावे. थकीत ई-चलनेही त्याच वेळी पाहून घ्यावीत.

दुसरे असे, की १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या डीलरांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्वतंत्र तरतूद आहे. डीलरकडे आरटीओचे अधिकारपत्र असावे लागते आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नमुना २९-सी मध्ये दिल्यानंतर डीलर त्या गाडीचा मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मालक, ठरतो. आपल्या विक्रेत्याकडे या दोन्ही गोष्टी आहेत का, हे ईमेलवर विचारा. उत्तर आले तर ते जपून ठेवा, आणि उत्तर आलेच नाही तर टोकनसुद्धा भरू नका.

दाद मागण्याविषयी सांगायचे, तर डीलरकडून किंवा कंपनीकडून घेतलेल्या गाडीसाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ लागू होतो. तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येत असल्यामुळे आपल्याला दिल्लीला जावे लागणार नाही, साताऱ्याचा जिल्हा आयोग पुरेसा आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्कही नाही. मात्र हीच गाडी एखाद्या खासगी व्यक्तीकडून घेतली, तर हा मार्ग बंद होतो आणि दिवाणी दावा तेवढा उरतो. म्हणून जाहिरातीचे पान, अहवाल आणि परताव्याच्या अटी आजच उतरवून ठेवाव्यात, कारण वाद झाल्यावर ती पाने पुष्कळदा सापडत नाहीत.

कोरेगावकर

सर्वांचे मनापासून आभार. मी पॉलिसी मागवली. चालू वर्षाच्या पॉलिसीत नो क्लेम बोनस २० टक्के आहे, मागील वर्षाची पॉलिसी "उपलब्ध नाही" असे कळवले आहे. अधिकारपत्राविषयी अजून उत्तर आलेले नाही. दरम्यान माझ्या मेहुण्यांनी दुसरी एक जाहिरात पाठवली आहे. विकणारे गृहस्थ लष्करात असून त्यांची बदली झाल्यामुळे ते अडीच लाखांत गाडी देण्यास तयार आहेत. ओळखपत्र आणि कॅन्टीन कार्डाचा फोटोही त्यांनी पाठवला आहे. गाडी लष्करी वाहतुकीने घरपोच येईल, आधी फक्त वाहतुकीचे पैसे भरायचे आहेत.

विधिज्ञ, सांगली

मेहुण्यांना आजच थांबवा. ही फसवणुकीची जुनी आणि ठरलेली पद्धत आहे. आपल्या जिल्ह्यात गणवेशाबद्दल घरोघरी आदर आहे, आणि ही मंडळी नेमका त्याचाच फायदा घेतात. ओळखपत्राचा फोटो दुसऱ्याच कोणाचा तरी असतो. आधी वाहतुकीचे पैसे, मग गेटपासचे, मग परत मिळणाऱ्या अनामतीचे, अशी मागणी वाढत जाते. पैसे परत करतो म्हणून क्यूआर कोड पाठवला, तर लक्षात ठेवा की पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. काही रक्कम आधीच गेली असेल, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवा. पहिल्या काही तासांत ती रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता अधिक असते.

मिरजेचा सर्व्हेअर

दिल्लीच्या गाडीविषयी सांगतो. २० टक्के म्हणजे एकच वर्ष दाव्याविना गेले आहे. मागची पॉलिसी नाही हे उत्तर मला पटत नाही, कारण चालू पॉलिसीवर बहुधा आधीच्या विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक छापलेला असतो, आणि मूळ मालक आपल्या कंपनीकडून तिची प्रत सहज मिळवू शकतो. दावा किरकोळ असेल, म्हणजे बंपर किंवा काच बदललेली असेल, तर घाबरण्याचे कारण नाही, पण मग ते लपवण्याचेही कारण नाही. त्या दाव्याचे दुरुस्तीचे बिल मागा. बिल आले, अधिकारपत्राचे उत्तर आले आणि ना-हरकत प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत काही रक्कम राखून ठेवायला ते लेखी तयार झाले, तर गाडी पुण्यात उतरवून घ्या. परताव्याच्या पाच दिवसांत किती किलोमीटर चालवायला परवानगी आहे, ते आधी पाहा. पहिल्याच दिवशी ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातील बिघाडाच्या नोंदी वाचणारे यंत्र, असलेल्या मेकॅनिककडे नेऊन लिफ्टवर चढवा आणि चासी क्रमांक आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. यातले एक जरी अडले, तर वारणाकाठ यांचा सल्ला मानून साताऱ्यातलीच गाडी पाहावी.