मदत हवी आहे: मुंबईत फ्लाइट इंजिनिअर कोर्स (तातडीचं)

बोरिवलीकर: भाचीला फ्लाइट इंजिनिअर व्हायचंय. एका इन्स्टिट्यूटने शुक्रवारपर्यंत टोकन भरायला सांगितलंय. भरू का? ताई सारखी फोन करतेय.

पन्हं: बारावीला पीसीएम होतं का? कोर्सचं नाव काय?

बोरिवलीकर: सायन्स होतं. भरू की नको, तेवढं सांगा ना.

कलिनाकर: अहो, ती नोकरीच उरली नाही! जुन्या बोइंग ७४७ विमानात को-पायलटच्या मागे, उजव्या भिंतीकडे तोंड करून तो माणूस बसायचा. समोर इंधन, हायड्रॉलिक, वीज, केबिन प्रेशर, नुसते काटेच काटे. कुठल्या टाकीतलं इंधन कुठल्या इंजिनाला द्यायचं, ते तो बघायचा. ७४७-४०० आलं, दिवे-काटे-बटणं ९७१ वरून ३६५ वर आली, तिसरी खुर्ची गेली. एअर इंडियाकडे ते १९९३ मध्ये आलं.

विमानवेडा: त्याच्या आधी १९८२ मध्येच ७६७ दोघांवर उडायला लागलं होतं.

कलिनाकर: उडेना का! कॉकपिटमध्ये तिसरा माणूस हवाच.

विमानवेडा: १ जानेवारी १९७८ ला वांद्र्याजवळ समुद्रात पडलेल्या एअर इंडियाच्या ७४७ 'सम्राट अशोक'मध्ये होता की तिसरा. २१३ माणसं गेली.

कलिनाकर: होता, आणि कॅप्टनच्या बिघडलेल्या, विमान किती कललंय ते दाखवणाऱ्या काट्यावर जाऊ नका हे त्यानेच सांगितलं. तोवर उशीर झाला होता, त्याला तो काय करणार?

पन्हं: तुमचं भांडण नवीन धाग्यात न्या. बोरिवलीकर, कोर्सचं नाव?

केतकी_ठाणे: केबिन क्रूसाठी उंचीची अट असते हं, आधीच मोजून घ्या.

बोरिवलीकर: केबिन क्रू कोणी विचारलं? माहितीपत्रकावर 'एअरक्राफ्ट मेंटेनन्स' लिहिलंय. तेच ना ते?

पन्हं: हे आधी सांगायचं! ते एएमई, म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर, विमानाची देखभाल. लायसन्सची बी१ कॅटेगरी म्हणजे इंजिन आणि सांगाडा, बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा). लायसन्स डीजीसीए (सरकारचं नागरी विमान महासंचालनालय) देतं, इन्स्टिट्यूट नाही. डीजीसीएच्या साइटवर सीएआर-१४७ (देखभालीचं प्रशिक्षण देण्याची) मान्यता असलेल्या संस्थांची यादी आहे, त्यात नाव आणि कॅटेगरी बघा. नाव नसेल तर एक रुपया देऊ नका.

बोरिवलीकर: मग तिला पायलटबरोबर उडायला मिळेल का?

पन्हं: नाही. एएमईचं काम जमिनीवर, बहुतेकदा रात्री, हँगरमध्ये. उडायचंच असेल तर सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स), आणि त्याचा खर्च ताईंना बसवून सांगा.

दर्यावर्दी: मर्चंट नेव्हीत बघा की. तिथे इंजिनिअर अजून जहाजासोबतच जातो. फक्त इन्स्टिट्यूटला डीजी शिपिंगची (सरकारच्या जहाज महासंचालनालयाची) मान्यता आहे का ते तपासा.