व्हिएतनामची कोजागरी कधी असते? हनोईला जायचंय

मुलुंडचा_भटक्या
मंडळी, मदत हवी आहे. गेल्या वर्षी ६ ऑक्टोबरला इकडे आमच्या गच्चीवर मसाला दूध आटत होतं आणि तिकडे ऑफिसातला एक जण हनोईहून फोटो टाकत होता. रस्ताभर लाल कंदील, ढोल, पोरांच्या हातात कागदी चांदण्या. त्यांचाही चंद्राचाच सण आणि तोही त्याच रात्री! तेव्हापासून बायकोने धरलंय की पुढची कोजागरी हनोईत. यंदा कोजागरी २५ ऑक्टोबरला, म्हणून २३ ते २८ची तिकिटं बघतोय. सोबत सात वर्षांची लेक आणि आई (शाकाहारी, अंडंही नाही). कुठे जायचं, काय बघायचं? व्हिडिओंमध्ये सगळे एकाच गल्लीत उभे राहून स्वतःचेच फोटो काढताना दिसतात.

तळ्याकाठची
आधी तिकिटांवरून हात काढा! २३ ऑक्टोबरला गेलात तर महिनाभर उशीर झालेला असेल. यंदा त्यांचा सण २५ सप्टेंबरला आहे, शुक्रवारी. म्हणजे आपली अनंत चतुर्दशी.

घोळ अधिक महिन्याचा आहे. हा सण त्यांच्या आठव्या चांद्रमासाच्या पंधराव्या दिवशी येतो, आणि तो बहुतेक वेळा आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास पडतो. २०२४ला १७ सप्टेंबरला होता, त्या दिवशी इकडे विसर्जन चालू होतं. २०२५मध्ये त्यांचा सहावा महिना दोनदा आला, आपल्याकडे अधिक महिना नव्हता, म्हणून त्यांचा सण महिनाभर लांबला आणि कोजागरीला येऊन टेकला. यंदा आपला अधिक ज्येष्ठ झाला, हिशोब पुन्हा बरोबर.

आता सणाबद्दल. नाव तेत चुंग थू, मध्य-शरदाचा सण. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षं हनोईत होते, पश्चिम तळ्याजवळ. पहिल्या वर्षी मीही तुमच्यासारखीच हांग मा गल्लीत गेले. 'मा' म्हणजे पूर्वजांसाठी जाळायच्या कागदी वस्तू. एरवी तिथे त्याच मिळतात, सणाआधी मात्र सगळी गल्ली कंदील आणि मुखवट्यांनी लाल होते. जरूर जा, पण तीन-चार दिवस आधी आणि सकाळी. सणाच्या संध्याकाळी आपल्या लालबागची गर्दी आठवेल. काही दुकानांत फोटोचेही पैसे मागतात. २०२१मध्ये तर दोन महिन्यांची टाळेबंदी नेमकी सणाच्याच दिवशी, २१ सप्टेंबरला सैल झाली. त्या रात्री सगळं शहर मुलांना स्कूटरवर बसवून बाहेर पडलं होतं. आम्ही चौकातूनच परत फिरलो.

खरा सण असतो वस्तीत. मुळात हा लहान मुलांचा सण. सार्वजनिक सुट्टी नाही, शाळा-ऑफिसं चालू, जे काय ते संध्याकाळी. आमच्या इमारतीच्या अंगणात सतरंज्या पडायच्या, वस्तीच्या मंडळाकडून प्रत्येक पोराला खाऊची पिशवी. मग ढोल आणि सिंहनाच. सिंहापुढे ओंग दिया नाचतो. गोल हसरा मुखवटा, मोठं पोट, हातात पंखा. हा भूमिदेव. माझा लेक पहिल्या वर्षी त्याला घाबरून माझ्या ओढणीत शिरला, तिसऱ्या वर्षी पोटाला उशी बांधून स्वतःच ओंग दिया झाला.

खालच्या मजल्यावरच्या आजी (तिकडे आजीला 'बा' म्हणतात) गच्चीवर ताट मांडायच्या. केळी, सीताफळं, तेंदूसारखी दिसणारी पण चांगली मोठी केशरी फळं आणि मधोमध पपनसाचा कुत्रा! पपनसाच्या फोडी सोलून, उलगडून, टूथपिकने खोचल्या की झिपऱ्या पांढऱ्या कुत्र्याचे केस तयार, डोळ्यांना काळे दाणे. ताट आधी पूर्वजांना आणि चंद्राला. चंद्र नीट वर येईपर्यंत पोरांनी हात लावायचा नाही. मग 'फा को', म्हणजे ताट मोडणे, आणि अक्षरशः मोडतातच. कुत्र्याचा पहिला बळी कानाचा.

कंदिलात लाल जिलेटिनचा पाच टोकांचा तारा जुन्या वळणाचा, बांबूच्या काड्यांवर ताणलेला, आत मेणबत्ती. लेकाचा पहिला तारा अंगणाच्या अर्ध्यातच पेटला. तो भोकाड पसरून रडतोय आणि आजी हसतायत, दरवर्षी एक तरी जळतोच म्हणून. बॅटरीचे प्लास्टिक कंदीलही ढिगाने मिळतात, गाणीही म्हणतात. घेऊ नका, विमानात तुम्हीच फेकून द्याल.

चंद्रावर आपल्याला ससा दिसतो, त्यांना वडाखाली बसलेला कुओइ. मेलेल्यांना जिवंत करणारं झाड त्याला सापडलं होतं. घाण पाणी घालायचं नाही, असं बायकोला बजावलं होतं. ती विसरली, झाड मुळासकट उडालं, हा मुळाला लोंबकळत गेला तो गेलाच. दुसऱ्या गोष्टींत हाच कुओइ अट्टल थापाड्या आहे, त्यामुळे 'कुओइसारखा खोटं बोलतोस' अशी म्हणच आहे. लेकाने शाळेत उचललेलं पहिलं व्हिएतनामी वाक्य तेच!

मुलुंडचा_भटक्या
ताई, वाचवलंत! आमचा दीड दिवसाचा गणपती, त्यामुळे सप्टेंबरही जमेल. आईच्या खाण्याचं काय? ते चंद्राचे केक म्हणतात ते चालतील?

तळ्याकाठची
जपून. दोन प्रकार. बान नुआंग भाजलेला, तपकिरी, वरून अंडं फासलेलं. बान झेओ पांढरा, भाजलेल्या चिकट तांदळाच्या पिठीचा, पाकात मळलेला, पपनसाच्या फुलांचा वास. दिसायला साबणाची वडी, पण मला तोच आवडतो. सारण मात्र बाहेरून कळत नाही. 'थाप काम' म्हणजे सगळं मिसळून: कमळाचे दाणे, कोहळ्याचा मुरांबा, तीळ, लिंबाची पानं आणि त्यातच सॉसेज व डुकराची चरबी. हिरव्या मुगाच्या पुरणातही कधी चरबी किंवा खारवलेला पिवळा बलक असतो. शब्द लक्षात ठेवा: 'चाय'. चहा नव्हे, शाकाहारी! खोक्यावर तो शब्द बघा आणि अंड्याचं तरी वेगळं विचारा.

त्यातून हा केक लोक स्वतःसाठी फारसा घेतच नाहीत. साहेबाला, शाळेच्या बाईंना, सासरी खोकी जातात, तिथून पुढे आणखी कुणाकडे. आपल्या दिवाळीतल्या सोनपापडीचा भाऊ. सणाच्या दुसऱ्या दिवशी तेच रस्त्यावर एकावर दोन फुकट. गोड इतका की एकाचे आठ तुकडे करून कडू चहाबरोबर खायचा.

आईंसाठी त्यापेक्षा 'कोम' घ्या. कोवळ्या चिकट भाताचे हिरवे पोहे, कमळाच्या पानात बांधलेले, पिकलेल्या केळ्याबरोबर खातात. कोजागरीच्या पोह्यांची हौस तिथेच फिटेल.

माटवीकर
सावंतवाडीहून. पपनस वाचून थांबलो. आमच्याकडे चतुर्थीला गणपतीच्या वर माटवीत (फळं-पानं टांगायच्या लाकडी चौकटीत) पपनस टांगलेलंच असतं, त्याच दिवसांत! पण कुत्रा करायचं कुणाला सुचलं नाही. बियांचं काही करतात का तिकडे? आम्ही फेकतो.

खादाड_व्हर्जिनिया
हनोई जमलं नाही तर आमच्याकडे या. अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या फॉल्स चर्च गावात ईडन सेंटर म्हणून व्हिएतनामी दुकानांचं आवार आहे. तिथे पार्किंगच्या जागेतच सिंहनाच होतो, पोरं कंदील घेऊन फिरतात आणि डोक्यावर जुन्या दक्षिण व्हिएतनामचा पिवळा, तीन लाल पट्ट्यांचा झेंडा. हनोईत तो दिसणार नाही. तिथी काहीही असो, कार्यक्रम सोयीच्या शनिवार-रविवारी. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीसारखंच. फरक एवढाच की त्यांच्याकडे पार्किंगसाठी जास्त भांडावं लागतं.

तळ्याकाठची
@माटवीकर, फेकू नका! बिया सोलून उन्हात वाळवतात, तारेत ओवतात आणि सणाच्या रात्री पेटवतात. बियांत तेल असतं, त्यामुळे तडतडत जळतात, फुलबाजीच जणू. वासही छान येतो. हनोईतही आता फार थोडी मुलं करतात, आमच्या आजींनी करायला लावलं म्हणून मला माहीत.

@भटक्या, लेकीसाठी एक राहिलं: तिथल्या वांशिक संग्रहालयात सणाआधी मुलांना तारा बांधायला शिकवतात. तारखा बघून जा. आणि पपनस मिळालं तर आत्ताच आणा. बिया वाळायला दोनेक आठवडे लागतात.