मदत हवी आहे: खालिदा झियांची शिक्षा माफ झाली, तरी अपील का चाललं?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी बांगलादेशच्या माजी पंतप्रधान खालिदा झियांवर लेख लिहितेय. राजकारणाचा भाग लिहून झालाय, पण कायद्यापाशी गाडी अडलीय. इथे वकील मंडळी बरीच आहेत, म्हणून विचारते.

त्यांचा राजकीय प्रवास बहुतेकांना माहीत असेल. १९८१ मध्ये चितगावला त्यांचे पती, राष्ट्राध्यक्ष झियाउर रहमान यांची हत्या झाली. तोवर राजकारणापासून लांब असलेल्या खालिदा पुढे बीएनपी (बांगलादेश नॅशनलिस्ट पार्टी) या पक्षाच्या अध्यक्ष झाल्या आणि १९९१ मध्ये पंतप्रधान.

मला अडलंय ते झिया अनाथालय ट्रस्टच्या खटल्यात. अनाथ मुलांसाठी परदेशातून आलेले दोन कोटींहून जास्त टका खासगी ट्रस्टकडे वळवले, हा आरोप. पैसा बँकेतच आहे, व्याजाने वाढलाय, असं बचाव पक्ष सांगत राहिला. आपल्याकडे 'दोन बेगमांचं भांडण', म्हणजे खालिदा आणि त्यांच्या राजकीय प्रतिस्पर्धी शेख हसीना यांचं, म्हणून हा विषय निकालात काढतात, ते मला अजिबात पटत नाही. खटला २००८ चा, म्हणजे लष्कराच्या पाठिंब्यावरच्या काळजीवाहू सरकारच्या काळातला. त्या काळात हसीनांवरही खटले झाले होते. २००९ ला त्या सत्तेत आल्यावर त्यांच्यावरचे खटले निकालात निघाले, खालिदांवरचे चालूच राहिले.

८ फेब्रुवारी २०१८ ला पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याच ऑक्टोबरमध्ये हायकोर्टाने ती दहा वर्षं केली. ढाक्यातल्या नाझीमुद्दीन रोडवरच्या जुन्या तुरुंगातले कैदी २०१६ मध्येच केरानीगंजला हलवले होते. त्या रिकाम्या तुरुंगात सत्तरी ओलांडलेल्या या एकट्या कैदी. सोबतीला घरातली कामवाली बाई ठेवायला परवानगी मिळाली होती. हे वाचून मी बराच वेळ पुढे लिहूच शकले नाही.

मार्च २०२० मध्ये सरकारने फौजदारी संहितेच्या कलम ४०१ खाली शिक्षा स्थगित केली. अट अशी की उपचार देशातच घ्यायचे, परदेशी जायचं नाही. दर सहा महिन्यांनी मुदतवाढ. हसीनांची सत्ता गेल्यावर, ६ ऑगस्ट २०२४ ला, राष्ट्राध्यक्षांनी शिक्षा माफ करून खालिदांची सुटका केली. तरीही खालिदांच्या वकिलांनी अपील सोडलं नाही. माफी नको, कोर्टातूनच निर्दोष सुटायचंय, अशी भूमिका घेतली. १५ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या अपील विभागाने त्यांना निर्दोष ठरवलं. ३० डिसेंबर २०२५ ला त्या गेल्या, त्या आधी हे झालं याचं मला फार बरं वाटतं.

आता माझी अडचण. बांगलादेशची संहिता १८९८ ची, म्हणजे आपलीही १९७४ पर्यंत तीच होती. शिक्षा माफ झाली तरी दोषसिद्धी (म्हणजे दोषी ठरवणारा निकाल) कायम राहते, म्हणून अपील चालतं, असं मला समजलंय. बरोबर आहे का? आपल्याकडे १९७३ च्या संहितेतल्या ४३२ कलमाखाली असंच होतं का?

दुसरं, ज्यांनी अपीलच केलं नव्हतं त्या आरोपींनाही, म्हणजे मुलगा तारिक रहमान यांनाही, त्याच निकालात निर्दोष सोडलं. अपील नसताना कोर्ट हे कोणत्या आधारावर करतं? आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा असा एखादा निवाडा आठवत असेल तर नाव सांगा, मी शोधून वाचेन.

आणि बंगाली वाचणारं कोणी असेल तर निकालातले दोन-तीन परिच्छेद समजून घ्यायचे आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल, अंक महिनाअखेर छपाईला जातोय.